पाणी वळवण्याआधी तुटीचा करार

महाराष्ट्रात नदीखोऱ्यांमधील पाण्याच्या देवाणघेवाणीचा विषय बहुधा बोगदे, कालवे आणि उपसा पंप यांच्याच अंगाने मांडला जातो. पाणी कोठून उचलायचे, किती उंचीवर चढवायचे आणि त्यासाठी किती कोटी लागतील यावर भरपूर चर्चा होते, मात्र देणाऱ्या आणि घेणाऱ्या खोऱ्यांत टंचाईच्या वर्षी कोणता नियम चालेल, हा प्रश्न प्रकल्प पूर्ण झाल्यावर पाहू म्हणून बाजूला सारला जातो. कोकणातील पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी गोदावरीकडे वळवण्याच्या योजना शासनाच्या अग्रक्रमावर असताना हा क्रम उलटा करण्याची गरज आहे.

पाणीवाटपाचा करार बांधकामाआधी लिहिता येतो, याचा दाखला गोदावरी आणि कृष्णा या दोन खोऱ्यांतच सापडतो. न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील गोदावरी पाणीतंटा लवादाने १९८० मध्ये दिलेल्या निवाड्यानुसार गोदावरीवरील पोलावरम प्रकल्पातून ८० टीएमसी पाणी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर) विजयवाड्याजवळ कृष्णेत सोडायचे ठरले. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाला हे पाणी मिळाल्यावर त्यासाठी कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणातून तेवढे पाणी सोडावे लागणार नाही, आणि अशा रीतीने वाचलेल्या ८० टीएमसीपैकी ४५ आंध्र प्रदेशाने, २१ कर्नाटकाने व १४ महाराष्ट्राने नागार्जुनसागराच्या वरच्या भागात वापरायचे, अशी ही रचना होती. गोदावरीचा एक थेंबही सांगली-साताऱ्याकडे न चढवता तिच्या पाण्याचा लाभ कृष्णेच्या उगमाकडील प्रदेशाला देणारी ही अदलाबदल, पंपाच्या प्रेमात पडलेल्या आजच्या नियोजनाने पुन्हा एकदा वाचावी अशी आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पोलावरमला केंद्रीय जल आयोगाची मंजुरी मिळाल्याच्या दिनांकापासून वरच्या राज्यांना आपला वाटा वापरण्याची मोकळीक देऊन लवादाने वाटणी बांधकामाच्या प्रगतीवर अवलंबून ठेवली नाही. अर्थात लिहिलेला करारही सर्व काही आधीच ओळखू शकत नाही. तेलंगण हे नवे राज्य २०१४ मध्ये अस्तित्वात आल्यावर त्या ४५ टीएमसीचा धनी कोण, असा वाद उभा राहिलाच. तरीही वाद कशाविषयी आहे हे निश्चित असणे, ही मोठी सोय असते.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या हद्दीत मात्र एकाच खोऱ्यातील वरच्या आणि खालच्या भागांचा हिशेबही दर दुष्काळात नव्याने मांडावा लागतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या अधिनियमातील कलम १२(६)(ग) समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व सांगते. म्हणजे खोऱ्यातील टंचाईचा भार सर्वांनी सारख्या प्रमाणात उचलावा, यासाठी ऑक्टोबरअखेर सर्व धरणांतील वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरिपाचा वापर धरून, साधारण समान असावी. या तत्त्वाला मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये आकड्यांची चौकट दिली आणि पैठणच्या जायकवाडी धरणातील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असल्यास वरच्या भागातील गंगापूर, दारणा, पालखेड, मुळा व प्रवरा या समूहांतील धरणांतून पाणी सोडण्याचा मार्ग आखला गेला. एवढे असूनही २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरच्या शेवटी निघाला आणि आंदोलने व न्यायालयीन लढाईनंतर प्रत्यक्ष प्रवाह सुरू व्हायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. तोवर नदीचे पात्र कोरडे पडलेले असल्याने वाटेत जिरणाऱ्या आणि बाष्पीभवनाने उडणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते, आणि मग नाशिक-अहिल्यानगरचा शेतकरी नासाडीकडे बोट दाखवतो, तर पैठणच्या खालचा शेतकरी विलंबाकडे. दोघांचेही म्हणणे खरे असते.

याचे कारण संस्थात्मक आहे. अधिनियमाने ज्यांना नदीखोरे अभिकरणे म्हटले, म्हणजे खोऱ्याच्या पाण्याचे नियोजन करणाऱ्या यंत्रणा, ती प्रत्यक्षात १९९६ ते १९९८ या काळात धरणे बांधण्यासाठी स्थापन झालेली पाच पाटबंधारे विकास महामंडळे आहेत. निविदा काढणे हे ज्यांचे मूळ काम, त्यांच्याकडून पाणीवापरकर्त्यांना समोर बसवून वाटाघाटी करण्याची अपेक्षा ठेवणे थोडे भाबडेपणाचेच होते. शिवाय वरचा आणि खालचा भाग एकाच महामंडळाकडे असला तरी प्रश्न सुटत नाही: वरच्या गोदावरीतील नाशिकची धरणेही गोदावरी मराठवाडा महामंडळाच्याच अखत्यारीत असली तरी प्रवरा-मुळेच्या लाभक्षेत्राचे राजकारण वेगळ्याच सूत्रांनी चालते. परिणामी खोऱ्याच्या वतीने बोलणारे कोणीच नसते. बोलतात ते जिल्हे, साखर कारखाने आणि आमदार.

कोयना धरणाचे उदाहरण तर अधिकच अवघड. कृष्णा खोऱ्यातील ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेकडे वळवण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने मुभा दिलेली आहे. पोफळीच्या बाजूला वीज निर्माण करून ते वाशिष्ठीमार्गे अरबी समुद्राला मिळते, आणि त्याच वेळी माण, जत, सांगोल्याकडे टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पंपांनी विजेच्या बळावर पाणी चढवले जाते. मागणीच्या ऐन तासांत लागणाऱ्या जलविजेचे मोल नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्या विजेची आणि त्या पाण्याची किंमत एकाच वहीत मांडण्याचे काम एखाद्या स्थायी यंत्रणेकडे असायला हवे होते.

कोकण-गोदावरीच्या बाबतीत वही उघडायची वेळ अजून गेलेली नाही. चितळे आयोगाने १९९९ मध्ये राज्याच्या पाच खोऱ्यांची २५ उपखोऱ्यांत विभागणी करून त्यांची तुटीची, सर्वसाधारण, विपुल अशी प्रतवारी केली. पण विपुल ठरलेल्या कोकणातच शहापूर तालुका आहे, जेथील भातसा आणि तानसा मुंबईची तहान भागवतात आणि तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा बोगद्याची निविदा निघण्यापूर्वी या पाड्यांचा वाटा, मुंबई महानगराची पुढील वाढ, नदीमुखाशी खारे पाणी आत शिरू नये यासाठी लागणारा प्रवाह आणि कमी पावसाच्या वर्षी गोदावरीकडे जाणाऱ्या पाण्यात होणारी कपात, हे सारे दोन्ही खोऱ्यांतील वापरकर्त्यांच्या सहीने नोंदले जावे, आणि वर्षाकाठी त्याची तपासणी प्राधिकरणाने खुल्या सुनावणीत करावी.