मनाचे डॉक्टर आणि घरचीं माणसें

कोंकणांत ‘याला रत्नागिरीस धाडावें’ एवढें म्हटलें कीं ऐकणारास पुढचें सांगावें लागत नाहीं. तेथील मनोरुग्णालय १८८६ सालचें; थट्टाही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. खेड तालुक्यांतील लोटे येथें आतां रसायनांचे कारखाने उभे आहेत, रात्रपाळीनें झोपेच्या वेळा बदलल्या आहेत. परंतु घरांतील कोणी उदास राहूं लागला, कीं ती थट्टा आठवून माणसें महिनेच्या महिने गप्प बसतात.

अखेर डॉक्टरांकडे जाण्याचें ठरतें, तेव्हां रोग्याबरोबर वडील, काका, आत्या अशीं तिघें निघतात. प्रश्न रोग्यास विचारला जातो आणि उत्तर काका देतात. मग डॉक्टर नम्रपणें म्हणतात, ‘आपण थोडा वेळ बाहेर बसावें.’ वडिलधाऱ्यांच्या मनाला हें लागतें. ज्याला अंगाखांद्यावर खेळविलें, त्याला आमच्यापासून लपविण्यासारखें काय असणार?

असतें, आणि पुष्कळदां तें घराविषयींच असतें. सुनेला सासूसमोर, मुलाला बापासमोर जें बोलवत नाहीं, तेंच दुखण्याचें मूळ असूं शकतें. आपलें बोलणें संध्याकाळीं माजघरांत चर्चिलें जाईल अशी शंका आली, कीं रोगी ‘बरें आहे’ म्हणून मोकळा होतो व उपाय चुकतो.

१९१२ च्या कायद्याची मुख्य दृष्टि वेड्यास कोठें व कसें ठेवावें ही होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें रोग्याची संमति व गुप्तता यांस हक्काचें स्थान दिलें. सज्ञान माणसास आपला प्रतिनिधि नेमतां येतो. शुश्रूषेस अवश्य तेवढी माहिती डॉक्टर त्यास सांगूं शकतात. कोणाच्या जिवास धोका असल्यास गुप्ततेचें बंधन तेवढ्यापुरतें सैल होतें.

बंधन डॉक्टरांवरही आहे. जो मन उघडें करतो, त्याच्यावर ऐकणाऱ्याची सत्ता चालते. तिचा पैशाच्या व्यवहारांत, सोयरिकींत किंवा गुरुपणा मिरविण्यांत उपयोग करणें हा विश्वासघात होय. म्हणूनच नात्यांतील रोग्यास डॉक्टरांनीं दुसऱ्याकडे पाठवावें हें उत्तम.

घरच्यांचें काम मात्र लहान नाहीं. झोप किती, जेवण किती, औषध कधीं चुकलें, मरणाची भाषा केव्हां झाली, हें आपण पाहिलेलें सांगावें आणि उठून बाहेर यावें. परततांना एस्‌टींत ‘आंत काय काय बोललास?’ असें खोदून विचारूं नये. ‘भूक लागली का?’ एवढें विचारलें तरी पुरे.