काळीं मोहरीं हातीं आलीं तर

बुद्धिबळाच्या पटावर काळीं मोहरीं वांट्यास आलीं कीं पुष्कळ मुलांचे चेहरे उतरतात. पहिली खेळी प्रतिपक्षाची, म्हणून डावही त्याचाच, असें त्यांस वाटतें. बचाव म्हणजे भित्रेपणा, हा समज त्याच्या मुळाशीं आहे. आणि तो आम्हांस सर्वस्वीं चुकीचा वाटतो.

फ्रेंच बचावाचेंच उदाहरण घेऊं. लंडन व पॅरिस या शहरांमध्यें १८३४ ते १८३६ या काळांत पत्रद्वारें झालेल्या सामन्यांत पॅरिसकरांनीं तो यशस्वी केला, म्हणून त्यास हें नांव पडलें. पांढरा राजापुढील प्यादें दोन घरें टाकतो. काळा आपलें एकच घर सरकवितो. प्यादें एकेक घर चालविण्याची देशी रीत ज्यांस ठाऊक आहे, त्या वडील मंडळींस ही खेळी ओळखीची वाटेल. ती दिसते नम्र. परंतु लागलीच वजिरापुढील प्यादें तिच्या आधारानें मध्यभागीं आव्हान देतें. यास किंमतही पडते. वजिराकडील उंट स्वकीय प्याद्यांमागें कोंडला जातो. ती अडचण सोसून वेळेची वाट पाहणें, हेंच यांतील खरें शिक्षण होय.

१९२७ सालीं ब्यूनोस आयरिस येथें जगज्जेता कापाब्लांका याच्याविरुद्ध पहिल्याच डावांत आलेखाइन काळ्या मोहऱ्यांनीं हा बचाव खेळला. तोंपर्यंत त्यानें कापाब्लांकास एकदांही हरविलें नव्हतें. तो डाव त्यानें ४३ खेळ्यांत जिंकला, आणि ३४ डावांअखेर जगज्जेतेपदही मिळविलें.

इतक्या दूर जाण्याचेंही कारण नाहीं. २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जियांतील बाटुमी येथें नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनें महिला विश्वचषक जिंकला. अनुभवी कोनेरू हंपीबरोबरचे दोन मुख्य डाव व पहिला जलद डाव बरोबरींत सुटले होते. निर्णायक डाव दिव्यानें जिंकला तो काळ्या मोहऱ्यांनींच.

विद्यार्थिमित्रहो, आपला जिल्हा अवर्षणाचा. पावसाची पहिली खेळी आपल्या हातीं नसते. तरी हिवरे बाजारच्या लोकांनीं बांध घालून पाणी अडविलें. त्यांस भित्रें कोण म्हणेल? पालकांसही आमची विनंति आहे कीं, मूल खेळून घरीं आलें म्हणजे “जिंकलास का?” एवढेंच विचारूं नये, “अडचणींत सांपडलास तेव्हां काय केलेंस?” हेंही विचारावें. आयुष्यांत मोहरीं निवडून मिळत नाहींत. तीं कशीं चालवावीं, तेवढें मात्र शिकतां येतें.