नव्या रेडिओची पायरी नऊची ठेवा



आताशा आकडे दाखवणारे नवे रेडिओ खेड्यापाड्यांत दिसू लागले आहेत. बटण दाबले की संच आपण होऊन केंद्रे धुंडाळतो आणि सापडतील तेवढी मेमरीत साठवतो. कोणी शहरातून मागवतो, कोणाचा मुलगा अमेरिकेतून आणतो. चार दिवसांनी तक्रार येते, "साहेब, यात आपले केंद्रच लागत नाही." मग संच माळ्यावर जातो. पुढे वादळात विजेच्या तारा तुटतात, मोबाइलही मुका होतो, आणि हवामानाचा इशारा सांगणारे घरात काहीच उरत नाही.

दोष बहुधा संचाचा नसतो, पायरीचा असतो. आपल्याकडे मध्यम लहरीची केंद्रे ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली आहेत. १९७५ साली जिनिव्हात ठरलेली ही व्यवस्था नोव्हेंबर १९७८ पासून लागू झाली. अमेरिकेत हे अंतर १०चे आहे. नागपूरचा आकडा ५८५. तिकडचा संच ५८० वरून थेट ५९० वर उडी घेतो आणि नागपूर मधल्यामध्ये राहून जाते. पाभरीने पेरले एका अंतरावर आणि कोळपे आणले दुसऱ्या अंतराचे, तर काय होईल, हे तुम्हाला सांगायला नको.

घेतानाच दुकानदाराला विचारा, पायरी ९ आणि १० अशी बदलता येते का? आकडा थेट दाबून केंद्र लावता येते का? आणि गावच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सेलवर संच चालतो का? या तिन्हींना होकार मिळाला तरच पैसे मोजा. आकाशवाणीने अलीकडच्या वर्षांत मध्यम लहरीची काही प्रक्षेपणे बंद केली आहेत. म्हणून आपल्या भागात कोणता आकडा ऐकू येतो, हे शेजारी विचारून घ्या. एफ.एम.ही संचात असू द्या. मात्र एफ.एम.ला डोंगर आडवा येतो, मध्यम लहर जमिनीलगत लांबवर जाते.

घरी आणल्यावर माहितीपत्रक पाहून आधी पायरी ९ करा. मग शोधाचे बटण दाबा, पण दिवसा. रात्री आकाशातून परावर्तित होऊन दूरदूरची केंद्रे येतात आणि मेमरी नको त्या आकड्यांनी भरते. क्षीण केंद्रावर शोध थांबत नाही. ते केंद्र आकडा दाबून लावा. पुण्यासाठी ७९२ दाबा आणि खरखर वाढते की आवाज येतो ते पाहा. हवामान व शेतीचे कार्यक्रम देणारे केंद्र पहिल्या क्रमांकावर साठवा, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच बटण लक्षात ठेवावे लागेल.

मध्यम लहरीला वरची दांडी उपयोगी पडत नाही, तिची अँटेना संचाच्या पोटात असते. म्हणून संचच हळूहळू फिरवून पाहा. एल.ई.डी. दिवा, मोबाइलचा चार्जर आणि सौर पंपाचा कंट्रोलर यांपासून तो दूर ठेवा. निम्मी खरखर तिथेच जाते. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून पत्र्या गंजतात.

आधी पायरी, मग शोध, मग मेमरी. माळ्यावरचा संच या रविवारी खाली काढा. पावसाळ्याच्या तोंडावर तो बोलता झालेला बरा.