वऱ्हाडात पाहण्यासारखे काय आहे?

दिवाळीला पुण्यामुंबईचे पाहुणे वऱ्हाडात आले, की चकलीचे दुसरे वेटोळे मोडता मोडता हमखास विचारतात, "तुमच्याकडे पाहण्यासारखं काय हो?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. राग येतो तो आपल्या उत्तराचा. आपण ओशाळे हसतो आणि सांगतो, अंबादेवीचे दर्शन घ्या, चिखलदऱ्याला एक रात्र काढा, आणि सवड असली तर अजिंठ्याला जा. म्हणजे एक देवीचे, एक डोंगराचे आणि एक चक्क दुसऱ्या जिल्ह्याचे! ज्या अमरावती-अकोल्यात आपण राहतो, ती शहरे या उत्तरात कोठेच नाहीत.

माझे म्हणणे सरळ आहे. ही शहरे कापसाने उभी केली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गिरण्या, गोदामे, बाजाराची आवारे याच आमच्या खऱ्या ऐतिहासिक वास्तू होत; आणि त्यांनाच आपण भंगार समजून मोडीत काढीत आहोत.

आधी जे जुने म्हणून आपण मानतो तेच घ्या. अमरावतीचा परकोट निजामाच्या अमदानीत १८०७ साली बांधावयास घेतला. घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. त्यांतल्या एका खिडकीचे नाव खुनारी. तिच्याजवळच्या झुंजीत सातशे माणसे पडली म्हणून ते नाव मिळाले, असे जुने गॅझेटिअर सांगते. पण हा कोट बांधला कशासाठी? पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांना वाचवावे म्हणून. राजाच्या गादीसाठी नव्हे, पेढ्यांवरच्या गाद्यांसाठी! तेव्हा व्यापाराच्या इमारतीला 'ऐतिहासिक' म्हणावयास जे कचरतात, त्यांनी अंबागेटखालून जाताना जरा मान वर करून पाहावे.

अकोल्याचा असदगड मात्र रीतसर किल्ला. दहीहांडा वेशीवरचा लेख त्याला १६९७ सालापर्यंत, औरंगजेबाच्या राज्यात नेतो. असदखानावरून त्याचे नाव पडले. १८०३ साली आडगावच्या लढाईपूर्वी वेलस्लीचा तळ येथे पडला होता. पुढे १८७०च्या सुमारास इंग्रजांनी किल्ल्याची मोडतोड केली. मोडतोडीचे हे साल ध्यानात ठेवा, कारण त्याच सुमारास वऱ्हाडात दुसऱ्या तऱ्हेचे किल्ले उभे राहत होते.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि साहेबाचे डोळे आमच्या काळ्या मातीवर खिळले. १८६७ साली आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० साली नुसत्या खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करावयास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला! व्हाइसरॉय खामगावला काही दर्शनाला आला नव्हता. पाठोपाठ परदेशी पेढ्या आल्या : स्वित्झर्लंडच्या फोलकार्ट बंधूंची, ग्रीक रॅली बंधूंची. अमरावतीचा रिक्षावाला आजही 'वालकट कंपाऊंड' आणि 'रॅलीज प्लॉट' म्हणून तुम्हांला नेमका नेऊन सोडील. नावे राहिली, ती कशाची हे पुसाल तर दहांतले नऊ खांदे उडवतील.

आता जुन्या जिनिंगची इमारत कशी असे ते पाहा. पुढे मोठे आवार, कारण हंगामात कापसाने भरलेल्या बंड्यांची रांग लागायची. मग वजनकाटा, मग कापसाच्या गंजी. वरच्या मजल्यावर रेच्यांची रांग, म्हणजे सरकी आपल्या वजनानेच खाली पडावी. रुई पुढे प्रेसमध्ये जायची, दाबून लोखंडी पट्ट्यांनी तिची गठाण बांधायची. बॉयलरचे धुराडे गावाच्या कोणत्याही कळसाहून उंच. गिरणीचे छप्पर करवतीच्या दातांसारखे आणि त्यातली काच उत्तरेकडे, म्हणजे मागावर उजेड पडावा पण ऊन पडू नये. यात एक वीट हौसेची नाही; प्रत्येक भिंतीला काम आहे. कमानीवर कोरलेल्या मोरालाच कला म्हणणाऱ्यांना ही अक्कल दिसत नाही, त्याला भिंतींचा काय इलाज?

एक सद्गृहस्थ येथे मला अडवतील. म्हणतील, "मास्तर, या इमारतींनीच तर कास्तकाराला नागवला. १८९९-१९००च्या दुष्काळात माणसे खडी फोडीत होती. त्या लुटीच्या खुणा कशाला जपायच्या? पडू द्या!" आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण खोटा व्यवहार झाला म्हणून कोणी वही जाळतो काय? वही जाळली तर सोय सावकाराची होते, ऋणकोची नव्हे. वऱ्हाडचे नाव आज चार लोकांत निघते ते कास्तकाराच्या कर्जाने आणि मरणाने. ते कर्ज आकाशातून पडले नाही. कापूस येथे पिकला, येथे तोलला, येथे दाबला आणि त्याचा भाव मात्र लिव्हरपुलात ठरला, हे मुलाला समजवायचे तर त्याला वजनकाट्याजवळ उभे करावे लागते. फळ्यावर ते समजत नाही. मी तीस-तीस पोरांच्या वर्गांत करून पाहिले आहे. आणि वहीत नुसती लूटच नाही. काट्यावरची फसवणूक थांबावी म्हणून कायद्याने चालणारा देशातला पहिला बाजार १८८६ साली आमच्याच कारंज्याला निघाला, आणि १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. हीही जमा त्याच वहीत आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. जागेला भाव आला आहे, वारसांनी उपाशी राहून धुराडी सांभाळायची काय? नाही. प्रत्येक टिनाचे छप्पर जपा असे मी म्हणत नाही. पण अकोल्याच्या सावतराम मिलचा आणि बडनेऱ्याच्या विजय मिलचा भोंगा बंद पडला, तेव्हा त्या भिंतींचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न गावाने गावाला विचारावयास हवा होता. आपण तो दलालावर सोपवतो. दलालाचे उत्तर ठरलेले : दुकानांचे गाळे. निदान इतके तरी करा. दोन्ही शहरांनी आपल्या कापसाच्या इमारतींची यादी करावी, पाडण्यापूर्वी मोजमाप आणि छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक शहरात एक तरी जिनिंग वाचनालयाला किंवा शाळेला द्यावे. ही कल्पना काही विलायतेहून आणलेली नाही. अकोल्याच्या मोडक्या किल्ल्यातल्या हवाखान्यात शाळा भरत असे, हे १९१०च्या गॅझेटिअरात नमूद आहे. जेथे तोफा असायच्या तेथे पोरांनी पाढे म्हटले. मग जेथे गठाणी रचल्या जात तेथे पुस्तके रचावयास कोणाची हरकत?

किल्ल्यांनी आपल्याला कोणी राज्य केले ते सांगितले. त्या राज्याचा खर्च कोणी भरला, हे सांगणाऱ्या भिंती पडत चालल्या आहेत. त्या भिंतींना ज्याच्या कापसाने पैसा पुरवला, त्याचे नाव कोणत्याही वेशीवर कोरलेले नाही. त्या भिंती हाच त्याचा शिलालेख आहे. तो वाचता येणारी माणसे हयात आहेत तोवर तरी पोरांना तेथे घेऊन जा.