आलेख, गुणोत्तर आणि एकच गिऱ्हाईक

कापूस आणि तूर विकून हाती येणारा पैसा वऱ्हाडात वर्षातून एकदाच येतो आणि पुढील पेरणीपर्यंत तोच पुरवावा लागतो. अमरावती-नागपूर महामार्गावरील गुरुकुंज मोझरीसारख्या गावातूनही आज मोबाइलवर समभाग घेता येतात. या पैशाचा काही अंश शेअर बाजाराकडे वळला तर नवल नाही. त्यातही संरक्षण उद्योगाचे आकर्षण विशेष. देशाभिमान आणि लाभ दोन्ही एकाच खरेदीत साधतात, अशी समजूत त्यामागे असते. ती कितपत खरी, हे हवाई दलाला विमाने पुरविणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या उदाहरणावरून तपासणे उद्बोधक ठरेल.

नाशिकजवळील ओझरच्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई विमाने बांधणाऱ्या या कंपनीचे समभाग सरकारने मार्च २०१८ मध्ये १,२१५ रुपये भावाने प्रथम जनतेस विकले. २०२३ मध्ये एका समभागाचे दोन झाले. म्हणजे मूळ भाव आजच्या हिशेबाने ६०७ रुपये. जुलै २०२४ मध्ये तो ५,६०० रुपयांवर चढला आणि मार्च २०२५ च्या प्रारंभी ३,१०० रुपयांखाली उतरला. आलेखावर ही चढउतार स्पष्ट दिसते. परंतु आलेख हा झालेल्या व्यवहारांचा इतिहास होय. दोनशे दिवसांच्या सरासरीची रेषा भावाने खाली छेदली, असे आलेख सांगतो तेव्हा घसरणीचा बराचसा भाग उरकलेला असतो.

गुणोत्तर याहून थोडे खोल जाते. २०२३-२४ चा निव्वळ नफा सुमारे ७,६२१ कोटी रुपये. सुमारे ६७ कोटी समभागांवर तो वाटल्यास प्रत्येकी ११४ रुपये पडतात. म्हणजे शिखरावर घेणाऱ्याने वर्षाच्या कमाईच्या पन्नास पट किंमत मोजली. मार्च २०२५ मध्ये घेणाऱ्याने सत्तावीस पट. मधल्या काळात कंपनीची कमाई घटली होती काय? मुळीच नाही. २०२४-२५ चा नफा ८,३६४ कोटींवर गेला. बदलली ती कमाई नव्हे, तर भविष्याविषयीची अपेक्षा.

त्या अपेक्षेचे मूळ मागणीपत्रांत आहे. मार्च २०२४ अखेर हाती असलेली सुमारे ९४ हजार कोटींची कामे वर्षभरात १ लाख ८९ हजार कोटींवर गेली. उलाढाल मात्र ३०,३८१ कोटींवरून ३०,९८१ कोटींपर्यंतच, म्हणजे अवघी दोन टक्के वाढली. फेब्रुवारी २०२१ च्या करारातील ८३ तेजस विमानांपैकी पहिले मार्च २०२४ पर्यंत मिळावयाचे होते. ती मुदत टळली. अमेरिकेहून यावयाचे पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये हाती आले. मागणी नोंदविली जाणे आणि माल पोहोचणे यांतील हे अंतर कोणत्याही गुणोत्तरात दिसत नाही.

येथे वऱ्हाडचा अनुभव उपयोगी पडावा. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापसाच्या एकाधिकार खरेदी योजनेत या प्रांताने एकेकाळी एकाच सरकारी गिऱ्हाइकाशी व्यवहार केला होता. हमीभावाचा आधार काय असतो आणि चुकाऱ्यासाठी ताटकळणे काय असते, हे येथील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. या कंपनीचे मुख्य गिऱ्हाईक सरकारच आणि ७१ टक्क्यांहून अधिक मालकीही सरकारचीच. त्यामुळे मागणीची खात्री मोठी. पण किंमत, मुदत आणि अग्रक्रम यांवर सामान्य भागधारकाची सत्ता शून्य. शिवाय तिच्या नफ्यात ठेवींवरील व्याजाचाही वाटा आहे आणि त्या ठेवींत गिऱ्हाइकाने दिलेल्या आगाऊ रकमाही आहेत. विमाने बांधून मिळालेला नफा त्यातून वेगळा काढल्याशिवाय ‘पट’ मोजण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ हा समभाग वाईट, असा नव्हे. २०१८ मध्ये घेऊन थांबलेल्यास त्याने भरपूर दिले. जुलै २०२४ मध्ये घेणाऱ्याचा जवळजवळ निम्मा पैसा आठ महिन्यांत गेला. कंपनी तीच, कारखाने तेच. फरक फक्त मोजलेल्या किमतीचा. ज्याला दहा वर्षे थांबता येते, त्याला अशी घसरण सोसता येईल. परंतु पुढील जूनमध्ये ज्या पैशातून बियाणे आणि खत घ्यावयाचे आहे, त्या पैशाला थांबता येत नाही. आलेख आणि गुणोत्तर पाहण्यापूर्वी हा पैसा कोणता, हे ज्याने त्याने ठरविले पाहिजे.