आधी निदान, मग पाना

कुरुंदा, वसमत, हिंगोली या हळदीच्या पट्ट्यात आपले कित्येक बांधव मिस्त्रीकामावर घर चालवतात. तरुण मंडळी त्यांच्याकडे ज्यादा ताकदीसाठी फेरफार केलेल्या गाड्या आणतात. कुणी डिझेलचे सेटिंग वाढवलेले, कुणी टर्बोचा दाब चढवलेला. तक्रार एकच, गाडीला पिकअप नाही. आणि मिस्त्री लगेच इंजिन खोलायला बसतो. ही घाई बरी नव्हे.

इंजिन रेस होते पण वेग वाढत नाही, तर दोष बहुधा क्लचचा. ताकद वाढवली, प्लेट मात्र जुनीच राहिली, ती घसरणारच. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले नाही तर क्लच गेला समजा. इंजिन रेसच घेत नसेल आणि काळा धूर येत असेल, तर डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर व टर्बोचे पाइप बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. स्कॅनरचा कोड दिशा दाखवतो. कोणता पार्ट बदलायचा हे तपासूनच ठरते.

गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत आहे. विनाकारण खोललेल्या इंजिनाची मजुरी घेणे आणि मापात मारणे, यात फरक तो काय? सूरह मुतफ्फिफीनमधला इशारा फक्त तराजूवाल्यांसाठी नाही. तपासणीची मजुरी जरूर घ्या, पण आधी सांगून घ्या. कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करणाऱ्या फेरफाराला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची मनाई आहे, हेही स्पष्ट सांगा. एखादे गिऱ्हाईक नाराज होईल. पण विश्वास बसला की तेच दहा गिऱ्हाइके आणील.