काच कुणी फोडली?



परवा वर्गात शिरले, तर खिडकीच्या काचेचे तुकडे खाली पडलेले! 'काय झालं रे?' सगळे एका सुरात, 'बाई, काच फुटली!' जशी काही आपली आपणच फुटली! म्हटलं, चला, आज याच काचेवर इंग्रजीचा धडा.

'बंडूने काच फोडली.' हा कोणता प्रयोग? कर्मणी. कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. बंडूने काच फोडली, माठ फोडला, अंडे फोडले. इथंच पुष्कळ मुलं फसतात. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, असं धरून चालतात. पण इंग्रजीत हे वाक्य 'बंडू ब्रोक द ग्लास' असे होते. काच असो की माठ, 'ब्रोक' तसेच राहते. फोडणारा बंडू पुढे उभा आहे, म्हणून हा ॲक्टिव्ह व्हॉइस.

आता पॅसिव्ह पाहा : 'द ग्लास वॉज ब्रोकन बाय बंडू.' काच पुढे आली. मग 'वॉज', मग क्रियापदाचे तिसरे रूप 'ब्रोकन'. बंडू 'बाय'चा हात धरून शेवटी गेला. मराठीत याला जवळचे वाक्य, 'बंडूकडून काच फोडली गेली.' बोलताना असं कुणी म्हणतं का?

शेवटचे 'बाय बंडू' गाळले तरी चालते. पावसाळ्यात आपल्या विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडतात, तेव्हा 'द गेट्स वेअर ओपन्ड' एवढे पुरे. गोदाकाठच्या माणसाला पाणी सुटल्याचे कळले पाहिजे; बटन कुणी दाबले याच्याशी त्याला काय करायचे? पण काचेचे तसे नाही. तिथं करणारा कळायलाच हवा.

मधल्या सुट्टीत एक मुलगा हळूच जवळ आला. 'बाई, मी फोडली.'

'इंग्रजीत सांग बरं.'

'आय ब्रोक द ग्लास.'

वाक्य अगदी बरोबर होतं. मी त्याला शाबासकी दिली. पण मनात आलं, सकाळी सगळा वर्ग 'फुटली' का म्हणाला? माझ्या आवाजाला भिऊनच ना! पालकांनो, घरी 'दूध सांडलं' असं ऐकू आलं, तर आधी ओरडू नका. मग 'मी सांडलं' हेही ऐकू येईल.

गृहपाठ : 'आईने भाकरी भाजली' आणि 'शिपाईमामांनी घंटा वाजवली.' दोन्ही वाक्ये इंग्रजीत दोन्ही व्हॉइसमध्ये लिहा. उत्तरे पुढच्या अंकात.

तुमच्या बाई